बिल निघालं का?

डिसेंबर-जानेवारीत वाळवा तालुक्यात कुणी कुणाला भेटलं की तब्येत, पोरांची शाळा, थंडी असं दोन-चार वाक्यं बोलून होतं आणि मग खरा प्रश्न येतो : "बिल निघालं का?" विचारणाऱ्याला माहीत असतं की समोरच्याचा ऊस पंधरा-वीस दिवसांमागं तुटून गेलाय. "निघालं" असं उत्तर आलं तर दोघांचेही चेहरे मोकळे होतात. "नाय अजून" असं आलं तर पुढचं बोलणं हळू आवाजात होतं.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न कळत नाही. त्याच्या लेखी बिल म्हणजे खिशातून जाणारे पैसे : विजेचं, मोबाईलचं, हॉटेलचं, दवाखान्याचं. ते लांबलं तर बरंच. आमच्या भागात बिल म्हणजे घरात येणारे पैसे, आणि ते लांबलं तर लग्नाची तारीख लांबते. इस्लामपुरात कॉमर्स शिकत असताना मी इंग्रजीच्या वहीत लिहिलं होतं : 'वुई गॉट अवर शुगरकेन बिल अँड बॉट अ मोटरसायकल.' सरांनी लाल शाईनं शेजारी विचारलं, बिल मिळाल्यावर पैसे द्यावे लागतात, मग गाडी कशी घेतली? सर शहरातून नव्यानं आले होते. मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या वाक्यात चूक कुठं आहे हेच मला दिसत नव्हतं. तेव्हापासून हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या मागं आहे. इस्लामपूरच्या बाजारपेठेत, शेतात, कचेरीत आणि वर्गात त्याचे किती अर्थ फिरतात आणि ते तसे का झाले, हे एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

शब्द मुळात लॅटिन. 'बुल्ला' म्हणजे कागदाला लावलेली मोहोर. पोपच्या आज्ञापत्राला इंग्रजीत 'बुल' म्हणतात ते यावरूनच. मोहोर लावलेला लेखी कागद तो 'बिल', एवढाच सुरुवातीचा अर्थ. त्यात पैसे नव्हते आणि देणं-घेणंही नव्हतं. राजापुढं किंवा संसदेपुढं ठेवलेला अर्ज हा बिल झाला, आणि आज विधानसभेत मांडतात ते विधेयक हे त्याचंच रूप. रकमांची यादी असलेला कागद बिल झाला, म्हणजे दुकानदाराचं बिल. अमुक तारखेला अमुक रक्कम द्यावी असा लेखी हुकूम तो 'बिल ऑफ एक्स्चेंज'. जहाजावर चढवलेल्या मालाची पावती 'बिल ऑफ लेडिंग'. भिंतीवर चिकटवायची जाहिरात हेही बिल, म्हणून जुन्या इमारतींवर 'स्टिक नो बिल्स' असं रंगवलेलं दिसतं. अमेरिकेत तर नोटेलाच बिल म्हणतात आणि हॉटेलात मागतात ती 'चेक'. पक्ष्याच्या चोचीचा बिल मात्र वेगळा शब्द, त्याचा मोहोरेशी संबंध नाही.

एवढे अर्थ एका शब्दात कोंबलेले असल्यामुळं परभाषिकांची अडचण होते, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. चिनी बोलणारा विद्यार्थी इंग्रजी व्यापार शिकायला बसतो तेव्हा त्याच्याजवळ प्रत्येक कागदाला स्वतंत्र शब्द असतो. देण्याची यादी ती 'झांगदान', सरकारी नियंत्रणातली कराची पावती ती 'फापियाओ', हुंडी ती 'हुईपियाओ', मालाची जहाजपावती 'तीदान', नोट 'छाओपियाओ' आणि विधेयक 'फाआन'. 'दान' म्हणजे यादीचा कागद, 'पियाओ' म्हणजे पैशाच्या मोलाची चिठ्ठी, ही त्यांची विभागणी शब्दातच दिसते. त्यामुळं इंग्रजीतलं एकच बिल त्याला सहा ठिकाणी वाटून घ्यावं लागतं. 'बिल' आणि 'इन्व्हॉइस' यांत त्याचा गोंधळ होतो, कारण त्याच्या देशात फापियाओ नसेल तर खर्च हिशेबात धरलाच जात नाही. त्याला शब्द फोडायचा असतो. आम्हाला शब्द फोडायचा नसतो, उलटा फिरवायचा असतो. ही अडचण मी दुसऱ्या कुठल्या भाषेच्या विद्यार्थ्यात पाहिलेली नाही.

मराठी व्यापाराला कागदांची नावं नव्हती म्हणून बिल घ्यावं लागलं, असं मात्र नाही. सांगलीची हळद आणि गूळ यांच्या पेठा हुंडीवर उभ्या राहिल्या. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पैसे द्यायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी, शहाजोग हुंडी फक्त पतवान माणसाच्या हाती. हुंडी मुदतीआधी मोडायची तर सावकार 'वटाव' कापून घ्यायचा. बँकेत चेक 'वटतो' असं आपण आज म्हणतो तेव्हा तोच जुना शब्द वापरतो, आणि बँकवाले 'बिल डिस्काउंटिंग' म्हणतात ते हुंडी वटवणंच. 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्यानं बिल ऑफ एक्स्चेंजची व्याख्या केली, पण पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. इंग्रजांच्या कायद्यानं आपल्या बाजारापुढं मान तुकवली असे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक. चीनमध्येही असंच होतं. षान्शी प्रांतातल्या पिंग्याओ गावी 1823 च्या सुमारास उभी राहिलेली रिशेंगचांग पेढी अशाच चिठ्ठ्यांवर दूरदूर पैसे पोचवायची.

मालाच्या तपशिलाच्या कागदाला आपल्याकडं 'बीजक' होतं. शेतकऱ्याचा माल अडत्यानं विकल्यावर जो हिशेब हातात येतो त्याला आजही मार्केट यार्डात 'पट्टी' म्हणतात. "हळदीची पट्टी आली का?" असंच विचारतात. हळदीचं बिल कुणी म्हणत नाही. पट्टीवर वजन, दर, हमाली, तोलाई लिहिलेली असते, खाली निव्वळ रक्कम. भाजीपाला आणि फळांवरची अडत 2016 च्या जुलैपासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची असं ठरलं, तेव्हा पट्टीवरची एक वजाबाकी कमी झाली.

मग उसालाच बिल का? माझं म्हणणं असं की पेठ जुनी होती आणि कारखाना नवा. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना चालू केला आणि पुढच्या काही दशकांत कृष्णा-वारणाकाठी धुराडी उभी राहिली. साखराळ्याला राजारामबापू पाटलांच्या नावाचा कारखाना, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी उभा केलेला हुतात्मा, नदीपलीकडं रेठरे बुद्रुकला कृष्णा, शिराळ्याकडं चिखलीला विश्वास. कारखान्याबरोबर कंपनीची कचेरी आली आणि कचेरीबरोबर तिचे शब्द आले. चेअरमन, एमडी, शेअर, गट ऑफिस, केन यार्ड, रिकव्हरी, स्लिप. तोडीची चिठ्ठी देणारा माणूस तो 'चिटबॉय', मग तो पन्नाशीचा का असेना. ऊस कधी तुटणार हे ठरतं तो 'प्रोग्रॅम'. "अजून प्रोग्रॅमला बसला नाही" हे वाक्य ज्या आजीनं आयुष्यात इंग्रजीचा एक धडा वाचला नाही तीही सहज बोलते. या शब्दांच्या रांगेत बिल आलं. अडत्याची पट्टी ही ओळखीच्या माणसाची चिठ्ठी होती. कारखान्याचं बिल हे छापील, नंबर टाकलेलं, बँकेत जमा होणारं काहीतरी होतं. शेतकऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळी नावं ठेवली, यात मला त्याची नेमकी नजर दिसते.

शब्द आला आणि मराठीचा झाला. तो नपुंसकलिंगी ठरला : ते बिल, ती बिलं, बिलाचं, बिलात. आणि त्याची दिशा क्रियापदांनी वाटून घेतली. हे क्रियापदांचं काम इतकं चोख आहे की स्थानिक माणसाचा कधी घोटाळा होत नाही. बिल 'भरायचं' असेल तर पैसे जाणार. बिल 'निघालं', 'जमा झालं', 'पडलं' असेल तर पैसे आले. बिल 'लावलं' म्हणजे जास्त घेतले, त्यात तक्रार आहे. 'बिल फाडणे' हे बिलबुकातल्या पावतीवरून आलं आणि पुढं दुसऱ्याच्या माथी दोष मारण्यासाठी वापरलं जाऊ लागलं : "चूक तुझी आणि बिल माझ्या नावावर फाडतोस काय?" काही क्रियापदं मात्र दोन्ही बाजूंनी चालतात आणि तिथं संदर्भच पाहावा लागतो. दवाखान्यात "बिल काढा" म्हटलं की किती झाले ते सांगा. पंचायत समितीत "बिल काढा" म्हटलं की आमचे पैसे सोडा. हॉटेलात "बिल दिलं का?" याचा अर्थ वेटरनं कागद आणला का असाही होतो आणि गिऱ्हाइकानं पैसे दिले का असाही. "बिल थकलंय" हे वाक्य तर सगळ्यात बोलकं. विजेचं थकलं असेल तर मान खाली, उसाचं थकलं असेल तर आवाज वर.

आता दिशा उलटी का झाली त्या मुद्द्याकडं येतो. माझ्या मते हा या सगळ्या शब्दकथेचा गाभा आहे.

जगात बहुतेक ठिकाणी बिल तोच लिहितो ज्याला पैसे यायचे असतात. दुकानदार माल देतो आणि बिल लिहितो. डॉक्टर उपचार करतो आणि बिल लिहितो. हुंडीतसुद्धा ज्याचं येणं आहे तो लिहितो आणि ज्याचं देणं आहे तो सही करून स्वीकारतो. बारावीच्या पुस्तपालनात प्राप्य विपत्र आणि देय विपत्र शिकवतात, म्हणजे बिलाला येण्याची बाजू असते हे इंग्रजी हिशेबशास्त्रालाही मान्य आहे. त्यामुळं "बिल आलं" म्हणणारा शेतकरी अडाणी बोलतो असं समजायचं कारण नाही. पण त्या येण्याच्या बाजूलाही लेखणी येणेकऱ्याच्याच हातात असते. उसात ती देणेकऱ्याच्या हातात आहे. माल शेतकऱ्याचा, वजन कारखान्याच्या काट्यावर, साखर उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत, कपाती कारखान्याच्या यादीनं, आणि कागदही कारखान्याचाच. विकणाऱ्यानं एकही आकडा लिहिलेला नसतो. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी बिल हा त्यानं 'करायचा' कागद राहिला नाही, त्याच्यासाठी 'निघायचा' कागद झाला. निघणं हे क्रियापदच सांगतं की ते दुसऱ्याच्या टेबलावरून निघतं.

या कागदावर काय असतं ते पाहू. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये ठरवला. उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की दर 3.46 रुपयांनी वाढतो. आमच्याकडची जमीन आणि हवा अशी की उतारा बारापर्यंत जातो. समजा एखाद्या कारखान्याचा उतारा नेमका 12 टक्के आहे. मग टनाला 3,550 अधिक 605 रुपये 50 पैसे, म्हणजे 4,155 रुपये 50 पैसे होतात. यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो समजा 900 रुपये धरला तर 3,255 रुपये 50 पैसे उरतात. गावात 'दर' म्हणून बोलला जातो तो हा उरलेला आकडा, आणि शहरातल्या वर्तमानपत्रात छापून येतो तो वरचा. दोघांचं भांडण होतं ते बऱ्याचदा यामुळं.

उरलेल्या आकड्यातूनही सगळं हातात पडत नाही. विकास सोसायटीचं पीककर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेमार्फत आधी वळतं होतं. ताकारी, म्हैसाळ किंवा टेंभू योजनेचं पाणी असेल तर त्याची पाणीपट्टीही उसाच्या बिलातून कापली जाते. पाण्याला बिल कुणी म्हणत नाही, ती पट्टीच, घराचीही पट्टीच. सरकारची जुनी येणी पट्टी राहिली आणि नव्या यंत्रांची बिलं झाली. त्या जुन्या शब्दाची फेड नव्या शब्दातून होते, एवढं एका छापील ओळीत दिसतं. या सगळ्यानंतर जे राहतं त्याला आमच्याकडं "हातात पडलेलं बिल" म्हणतात, आणि संसार त्यावर चालतो.

बिल कधी निघावं याला कायदा आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. जुलैत लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. इतके महिने थांबलेल्या माणसाला कायदा सांगतो की आणखी चौदाच दिवस. हे चौदा दिवस मला या आदेशातला सगळ्यात माणुसकीचा आकडा वाटतो. लेखणी समोरच्याच्या हातात आहे हे कायद्यानं ओळखलं आणि म्हणून तारीख तरी त्याच्या हातात ठेवली नाही.

तारखेवरून लढाई मात्र संपली नाही. पूर्वी वैधानिक किमान दर होता आणि त्यावर, 1974 मध्ये भार्गव आयोगाच्या शिफारशीनं आदेशात घातलेल्या 5-अ कलमानुसार, कारखान्याच्या जादा नफ्यातला वाटा शेतकऱ्याला मिळायचा. त्या काळात बिलं तुकड्यातुकड्यानं यायची आणि त्यांना नावं होती : पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीला अंतिम बिल. दिवाळीचं बिल म्हणजे कपडे, सोनं, एखादी म्हैस. 2009 मध्ये आदेश बदलला, 5-अ गेलं आणि एफआरपी आली. तिची रक्कम एकरकमी द्यायची होती. पण गावाच्या तोंडून 'पहिली उचल' हा शब्द गेला नाही. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आजही मागणी होते ती पहिल्या उचलीची. 21 फेब्रुवारी 2022 ला राज्य सरकारनं एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी देणारा निर्णय काढला. संघटनेचे नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि 17 मार्च 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एकरकमी की तुकड्यांनी, हा वाद शहरातून पाहिला तर हिशेबाच्या सोयीचा वाटेल. ज्यानं सोसायटीचं, खतवाल्याचं आणि लग्नाचं देणं एकाच बिलावर टाकलेलं असतं त्याला तो तसा वाटत नाही. तुकड्यानं आलेलं बिल घरापर्यंत येता येता संपतं.

सहकाराची बाजूही इथंच मांडली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. कारखान्याचा सभासद हा भागधारक असतो, म्हणजे तत्त्वानं मालक. मालक या नात्यानं बिल तोच लिहितो, असा हिशेब प्रवरेकाठी 1950 ला मांडला गेला आणि तो खोटा नव्हता. खाजगी भांडवलदाराच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या पिढीला स्वतःच्या कारखान्याचं बिल ही काय गोष्ट होती ते माझ्या आजोबांच्या बोलण्यातून मला कळायचं. पण मालकाला आपलाच काटा बाहेरच्या काट्याशी ताडून पाहावासा वाटतो, काटामारी पकडायला सरकारला भरारी पथकं नेमावी लागतात, तिथं मालकी कागदावर राहते. वार्षिक सभेत बिलावर प्रश्न विचारणारा सभासद हाच माझ्या मते आजही सहकाराचा खरा रखवालदार आहे.

दुधाचं बिल याहून साधं आणि म्हणून अधिक जिव्हाळ्याचं. ते दर दहा दिवसांनी येतं. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन जायचं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ बघायचं, चिठ्ठी घ्यायची. दहा दिवसांची बेरीज ती 'दहाव्याचं बिल', आणि ते बहुतेक घरात बाईच्या हातात असतं. उसाचं बिल बँकेत, पुरुषाच्या खात्यावर. दुधाचं बिल किराणा, शाळेची फी, औषध. एकाच घरात दोन बिलं दोन हातांत असतात आणि त्यांची कामं ठरलेली असतात. इथंही लिहिणारा दूध घेणाराच, पण चूक झाली तर दहा दिवसांत कळते आणि संस्था गावातच असते. दिवाळीला 'फरक बिल' येतं, वर्षभराच्या दुधाला वाढीव दराचा फरक. त्या शब्दाला आमच्याकडं जितका गोड वास आहे तितका साखरेलाही नसेल.

आणि मग फडातला माणूस. बीड, अहिल्यानगरकडून येणारी ऊसतोड जोडपी, ज्यांच्या जोडीला एक 'कोयता' म्हणून मोजतात, त्यांच्या तोंडीही बिल आहे, पण त्याची दिशा तिसरीच. त्यांनी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यांचं बिल पंधरवड्याला निघतं ते त्या उचलीतून वजा होण्यासाठी. ते येतही नाही आणि जातही नाही, फक्त फिटतं. "बिलात किती फिटली?" हा त्यांचा प्रश्न. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढचं वर्षही विकलं जातं. ज्या टनावर शेतकऱ्याचं बिल निघतं त्याच टनावर हे बिल निघतं. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची व्हायला हवी तितकी होत नाही, आणि मी स्वतः ऊसवाल्याच्या घरातला असल्यामुळं हे मला लिहिलंच पाहिजे असं वाटतं.

कचेरीतलं बिल हे या तिघांच्या शेजारचं. शिक्षकाचं 'पगार बिल' शाळा करते आणि कोशागार पास करतं. 'मेडिकल बिल' म्हणजे आधी भरलेले पैसे परत मागणं. ठेकेदाराचं 'रनिंग बिल' आणि 'फायनल बिल' असतं. या सगळ्यांत "पास झालं" हे क्रियापद लागतं, जे उसाला कधी लागत नाही. संसदेतलं बिलही पास होतंच, त्यामुळं शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की दिल्लीतही कुणाचे तरी पैसे अडकलेत.

भरायच्या बिलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती सगळीकडं सारखी. शेतीपंपाच्या बिलाचं मात्र वेगळं : एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. व्यापाऱ्याकडची 'पक्कं बिल' आणि 'कच्चं बिल' ही जोडी जुनीच, पण 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून तिला धार आली. नियमात करपात्र मालाला 'टॅक्स इन्व्हॉइस', तर करमुक्त मालाला किंवा कंपोझिशनमधल्या छोट्या दुकानदाराला 'बिल ऑफ सप्लाय'. गिऱ्हाईक दोन्हींना बिलच म्हणतं. ट्रकवाल्याचं 'ई-वे बिल' तर पैसे मागतच नाही. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर जाताना, आणि महाराष्ट्राच्या आत लाखावरचा माल जाताना, बरोबर ठेवायचा तो परवाना. लॅटिन मोहोरेच्या सगळ्यात जवळ आज तेच बिल आहे. इस्लामपूरच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला यापेक्षा वेगळी काळजी असते. त्याचं बिल तो स्वतः लिहितो, पण मोठी कंपनी पैसे कधी देईल ते त्याच्या हातात नसतं. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं त्याला जास्तीत जास्त 45 दिवसांची हमी दिली. लेखणी हातात असूनही तारखेसाठी कायदा लागतोच, हे त्याच्याकडं पाहून कळतं.

राहिला प्रश्न प्रमाण मराठीचा आणि वर्गाचा. शासकीय परिभाषेत बिलाला 'देयक' आहे आणि महावितरणच्या कागदावर 'वीज देयक' छापलेलं असतं. शब्द चांगला आहे, अर्थ स्पष्ट आहे : जे देय आहे ते. पण त्याच स्पष्टपणामुळं तो उसाला लागत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं ते 'येणं' आहे, त्याला देयक कसं म्हणावं? कारखान्याच्या जाहीर निवेदनात 'ऊस देयके अदा केली' असं येतं तेव्हा ते कारखान्याच्या बाजूनं बरोबर असतं. शेतकरी ते वाचून शेजाऱ्याला "बिलं सोडली" म्हणून सांगतो आणि आपल्या बाजूनं आणतो. दोन्ही बाजूंना सारखं उभं राहता येईल असा शब्द बिल हाच, म्हणून तो टिकला. परकी म्हणून त्याला घालवायची मोहीम कुणी काढू नये असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी मात्र एक करावं. आमच्या मुलांच्या वहीत उसाचं बिल 'रिसीव्ह' झालेलं दिसलं तर नुसती लाल रेघ मारू नये. इंग्रजीत तिथं 'पेमेंट' म्हणतात, हे सांगावं. माल घेणाऱ्यानंच कागद करण्याची रीत इंग्रजी व्यापाराला अगदीच अनोळखी नाही, तिला 'सेल्फ-बिलिंग' म्हणतात, हेही सांगावं. आणि मुलाला विचारावं, तुझ्या घरच्या बिलावर वजन कुणी लिहिलं, उतारा कुणी लिहिला, कपात कुणी लिहिली? पंधरा वर्षांच्या पोरानं त्या छापील कागदाची एकेक ओळ वडिलांबरोबर बसून वाचली तर इंग्रजीचा आणि हिशेबाचा तास एकदमच होईल.

आता बिलाचा तो कागदही बऱ्याच घरांत उशिरानं पोचतो. आधी मोबाईलवर बँकेचा संदेश येतो, त्यात आकडा असतो आणि 'क्रेडिटेड' असा शब्द. बाप मुलाला हाक मारतो, बघ रे काय आलंय. मुलगा वाचतो आणि ओसरीवरूनच आत ओरडून सांगतो, "आई, बिल निघालं."